गाडी आधी मागच्या सीटवर बसून पाहावी

एका वाचक भगिनीचे पत्र: आमच्या घरात पाच माणसे आहेत. मी, माझे पती, आठ वर्षांचा मुलगा, तीन वर्षांची मुलगी आणि सासूबाई. सासूबाईंच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया होऊन वर्ष झाले. सध्याची छोटी गाडी पुरत नाही, म्हणून मध्यम आकाराची एसयूव्ही घ्यायचे ठरले आहे. आमच्या बजेटमध्ये तीनच पर्याय बसतात: सात सीटच्या एका गाडीचे सर्वांत खालचे व्हेरिएंट, त्याहून आखूड अशा पाच सीटच्या गाडीचे सर्वांत वरचे व्हेरिएंट, किंवा त्याच सात सीटच्या गाडीचे तीन वर्षे वापरलेले वरचे व्हेरिएंट. पतींना पाच सीटची गाडी पसंत आहे, कारण तिला सनरूफ, मोठा स्क्रीन आणि मागचा कॅमेरा आहे. गाडी रोज मीच चालवणार, एका वेळी सहा-सात किलोमीटर. वर्षातून तीन-चार लांबचे प्रवास होतात आणि त्यांत कधी नणंद व तिचे यजमानही असतात. डिझेल घ्यावी की पेट्रोल, फोर व्हील ड्राइव्ह लागेल का, आणि एवढी मोठी गाडी मला जमेल का? याच आठवड्यात बुकिंग करा, असा शोरूममधून रोज फोन येतो आहे.

उत्तर:

नमस्कार. तुमच्या पत्रातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट तुम्ही ओघात लिहून गेला आहात. पाचांपैकी तीन माणसे या गाडीत कायम मागे बसणार आहेत, आणि ती तिघेही अशी आहेत की त्यांना गैरसोय झाली तरी तिचे नेमके कारण ती सांगणार नाहीत. मुलगी रडेल, मुलगा कुरकुर करेल, आणि सासूबाई बहुधा काहीच न बोलता पुढच्या वेळी ‘तुम्ही जाऊन या, मी घरीच थांबते’ म्हणतील. आपण मात्र गाडी पसंत करतो ती पुढच्या सीटवर बसून, स्टिअरिंग हातात धरून आणि समोरच्या स्क्रीनकडे बघून. माझे सांगणे एवढेच आहे की तुमच्या घरासाठी हा क्रम उलटा करावा: गाडी आधी मागच्या सीटवर बसून पाहावी, आणि तिथे ती पसंतीस उतरली तरच पुढे जाऊन बसावे.

ही चूक मी स्वतः केलेली आहे, म्हणून हे कळकळीने लिहितो. आमचे मूल लहान असताना आम्ही एक गाडी घेतली, ऐसपैस दिसली म्हणून. मागे तोंड करून बसवायची बालसीट तिच्यात लावली, तेव्हा लक्षात आले की तिच्या पाठीला पुढची सीट अडते. पुढची सीट पुढे सरकवावी लागली, आणि त्यानंतर जवळजवळ दोन वर्षे माझी पत्नी डॅशबोर्डला गुडघे टेकवून प्रवास करत होती. घरातली बालसीट शोरूममध्ये नेली असती तर दहा मिनिटांत हे कळले असते.

तेव्हा पहिले काम असे करा की सासूबाई, दोन्ही मुले आणि दोन्ही मुलांच्या सीटा घेऊनच गाडी बघायला जा, आणि तुमच्या पतींना आवडलेल्या पाच सीटच्या गाडीपासूनच सुरुवात करा. तिच्या मागच्या सीटवर दोन बालसीटा आणि त्यांच्यामध्ये सासूबाई अशी मांडणी तुम्हाला रोज करावी लागेल. आयसोफिक्सचे हूक, म्हणजे बालसीट थेट गाडीच्या सांगाड्याला अडकवायच्या कड्या, बहुतेक गाड्यांत खिडकीकडच्या दोन जागांनाच असतात, त्यामुळे मधली जागा मोठ्या माणसाकडेच येते. एकेक बालसीट साधारण ४५ सेंटिमीटर रुंद असते. दोन सीटांचे ९० सेंटिमीटर गेल्यावर मध्ये किती उरते ते टेपने मोजा, आणि ते दरवाज्यांच्या आर्मरेस्टच्या आतून मोजा, कारण माहितीपत्रकातली रुंदी बहुधा खांद्याच्या उंचीवर मोजलेली असते. मधल्या जागेची पाठ म्हणजे पुष्कळदा दुमडलेला आर्मरेस्टच असतो, म्हणून ती कडक लागते. खाली अनेकदा उंचवटा असतो, आणि बालसीटांच्या मध्ये हात घालून पट्ट्याचे बक्कल लावणे तरुण माणसालाही जमत नाही. शस्त्रक्रिया झालेला गुडघा घेऊन बालसीट ओलांडून मध्ये सरकत जाणे सासूबाईंना शक्य आहे का, याचे उत्तर मला इथे बसून देता येते, पण ते पतींनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले तर घरातला वाद आपोआप मिटेल. गाडी वाईट आहे असे मी म्हणत नाही. ती चार जणांच्या कुटुंबाची गाडी आहे. मुलांपैकी एकाला किंवा सासूबाईंना नेहमी पुढे बसवायचे आणि एका मोठ्या माणसाने मागे जायचे, अशी तडजोड तुम्हाला मान्य असेल तरच तिचा विचार करावा.

सासूबाईंच्या बाबतीत आणखी एक गोष्ट जवळून पाहा. एसयूव्ही उंच असते म्हणून गुडघेदुखीच्या माणसाला ती सोयीची, असे सरसकट म्हटले जाते, आणि ते अर्धेच खरे आहे. सीट कमरेच्या किंचित खालच्या उंचीवर असेल तर माणूस सहज टेकतो. त्याहून उंच असेल तर चढावे लागते आणि उतरताना सगळा भार एका पायावर येतो. पण खरी अडचण चढण्यात नसते, पाय आत घेण्यात असते. दार उघडल्यावर सीटची पुढची कड आणि दोन दारांमधला खांब यांच्यामध्ये जी फट राहते, तिच्यातून पाऊल आत जाते. ही फट अरुंद असेल तर गुडघा पूर्ण दुमडावा लागतो, आणि तिथेच त्या थांबतील. गुडघ्याच्या रुग्णांना आधी सीटवर बसून मग दोन्ही पाय आत वळवायला सांगतात. सासूबाईंना तसे करून पाहू द्या, वरचे हँडल त्यांच्या हाताला लागते का बघा, पुढच्या सीटखाली त्यांचे पाऊल सरकते का बघा. मग अर्धा तास फेरी मारून आल्यावर त्यांना कोणाचाही हात न धरता उतरायला सांगा. चढणे कोणालाही जमते. उतरण्यावरून गाडी कळते.

आता सात सीटच्या गाडीकडे वळतो. मधल्या रांगेत एका खिडकीशी मुलीची बालसीट, दुसऱ्या खिडकीशी सासूबाई, आणि मुलगा मागच्या तिसऱ्या रांगेत, अशी मांडणी तिच्यात होऊ शकते. मात्र तिसऱ्या रांगेत जायला मधली सीट पुढे दुमडावी लागते, आणि तिच्यावर बालसीट घट्ट बसवलेली असेल तर ती दुमडत नाही. मधली सीट ६०:४० अशी विभागलेली असते. त्यातला कोणता भाग वाट देतो, तो फुटपाथच्या बाजूला येतो की रहदारीच्या, आणि बालसीट दुसऱ्या भागावर लावून ती वाट मोकळी राहते का, हे तिथेच करून पाहा. वाट सासूबाईंच्या बाजूने असेल तर मुलगा आत जाईपर्यंत त्यांना प्रत्येक वेळी उतरून उभे राहावे लागेल, हेही ध्यानात घ्या. बालसीटला पुढे टेकू देणारा पाय असेल, तर तो जिथे जमिनीवर टेकतो तिथे सामानाचा कप्पा आहे का तेही बघा. पोकळ कप्प्याच्या झाकणावर तो पाय टेकवता येत नाही.

तिसऱ्या रांगेत तुम्ही स्वतः बसून पाहा. गुडघे छातीशी येत असतील तर ती जागा नणंदेच्या यजमानांसाठी नाही, मुलांसाठीच आहे, आणि तसे असले तरी काही बिघडत नाही. तिथे तीन गोष्टी मात्र असायलाच हव्यात: डोक्याला आधार, खांद्यावरून येणारा तीन टोकांचा पट्टा, आणि तिसऱ्या रांगेपर्यंत पोहोचणारी कर्टन एअरबॅग. शेवटची गोष्ट विचारल्याशिवाय कोणी सांगत नाही; काही गाड्यांत ही पडद्यासारखी एअरबॅग दुसऱ्या रांगेपाशीच संपते. एसीची हवा मागे पोहोचते का हेही तिथे बसूनच समजते.

मुलगा आठ वर्षांचा झाला म्हणून त्याला नुसता पट्टा पुरेल असे समजू नका. त्याची पाठ सीटला पूर्ण टेकली असताना गुडघे सीटच्या कडेवर वाकले पाहिजेत, पट्टा खांद्याच्या मध्यावरून गेला पाहिजे आणि खालचा भाग पोटावर न येता मांड्यांच्या मुळाशी बसला पाहिजे. उंची साधारण १४५ सेंटिमीटर होईपर्यंत बहुतेक मुलांना हे बूस्टर सीटशिवाय, म्हणजे मुलाला उंच बसवणाऱ्या सीटशिवाय, जमत नाही.

सुरक्षिततेबद्दल तुम्ही काही विचारले नाही, पण याच जागी खालचे आणि वरचे व्हेरिएंट यांतला फरक जिवाशी येऊ शकतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो. तीन टोकांचा पट्टा निल्स बोलिन या अभियंत्याने १९५९ मध्ये व्होल्व्होच्या गाडीत आणला, आणि आजही गाडीत जीव वाचवणारी पहिली वस्तू तीच आहे. पुढच्या पट्ट्यांत पुढे बरीच सुधारणा झाली: धडक होताच पट्टा आवळणारा प्रीटेन्शनर आणि छातीवर जास्त दाब येऊ लागताच तो किंचित सैल सोडणारा लोड लिमिटर. मागच्या पट्ट्यांत मात्र ही दोन्ही साधने अनेक गाड्यांत नसतात. अमेरिकेतल्या आयआयएचएस या संस्थेने २०२२ मध्ये आपल्या समोरासमोरच्या धडकेच्या चाचणीत मागच्या सीटवरही पुतळा बसवायला सुरुवात केली, तेव्हा पुढे उत्तम ठरलेल्या कितीतरी एसयूव्ही मागच्या माणसाच्या बाबतीत उघड्या पडल्या. म्हणून विक्रेत्याला ‘एअरबॅग किती?’ एवढेच न विचारता, मागच्या पट्ट्यांना प्रीटेन्शनर आणि लोड लिमिटर आहेत का, हे लेखी विचारा. त्याला माहीत नसेल तर तो कंपनीकडून माहिती मागवून देईल, तेवढे थांबा.

धडकेच्या चाचणीत गाडीला मिळालेले स्टार बघतानाही दोन गोष्टी तपासा: चाचणी कोणत्या वर्षी झाली आणि गाडीचे कोणते व्हेरिएंट चाचणीला उभे केले होते. चाचण्यांचे निकष दर काही वर्षांनी कडक होतात, त्यामुळे दहा वर्षांपूर्वीचे पाच स्टार आणि आजचे पाच स्टार एक नव्हेत. युरोपात अशा चाचण्या घेणारी युरो एनकॅप ही संस्था तर आपले रेटिंग सहा वर्षांनंतर कालबाह्य धरते. उंच गाडीचा गुरुत्वमध्यही उंच असतो आणि अचानक वळवल्यावर ती घसरण्याची किंवा कलंडण्याची भीती साध्या कारपेक्षा जास्त असते, म्हणून इलेक्ट्रॉनिक स्टॅबिलिटी कंट्रोल, म्हणजे गाडी घसरू लागताच तिला आपोआप सावरणारी यंत्रणा, नसलेली एसयूव्ही मी कोणालाच सुचवणार नाही.

यातूनच तुमच्या तिन्ही पर्यायांना लावता येईल असा एक निकष मिळतो. काही गोष्टी गाडीत नंतर बसवता येतात आणि काही येत नाहीत. स्क्रीन, सीट कव्हर, कॅमेरा, अलॉय चाके ही पहिल्या प्रकारातली आहेत. एअरबॅगा, स्टॅबिलिटी कंट्रोल, मागच्या पट्ट्यांची यंत्रणा, आयसोफिक्सचे हूक ही दुसऱ्या प्रकारातली. नव्या सात सीटच्या गाडीच्या सर्वांत खालच्या व्हेरिएंटमध्ये ही दुसऱ्या प्रकारातली प्रत्येक गोष्ट असेल, तर तीच घ्या आणि उरलेल्या गोष्टींची हळहळ करू नका. खालच्या व्हेरिएंटचे लहान रिम आणि जाड टायर दिसायला साधे असतात, पण खड्डा तेच जास्त सोसतात, मागे बसलेल्याला धक्का कमी लागतो, आणि चार-पाच वर्षांनी टायर बदलताना खर्चही बराच कमी येतो.

कॅमेऱ्याच्या बाबतीत मात्र मी तुमच्या पतींच्या बाजूने आहे. गाडीच्या मागच्या बंपरजवळ तीन वर्षांच्या मुलीच्या उंचीची एखादी बॅग उभी करा आणि चालकाच्या सीटवरून आरशांत शोधा. बहुतेक एसयूव्हींमध्ये ती दिसणारच नाही. अमेरिकेने २०१८ पासून नव्या गाड्यांना मागचा कॅमेरा सक्तीचा केला तो याच कारणासाठी. खालच्या व्हेरिएंटला कॅमेरा नसेल तर ताबा घेण्यापूर्वीच बसवून घ्या. सनरूफचे तसे नाही. तिच्या चौकटीमुळे छताची आतली उंची काही सेंटिमीटर कमी होते, आणि त्याची झळ मागे बसणाऱ्याच्या डोक्याला लागते.

सामान आणि वजन यांचा हिशोब कोणी करत नाही, तो तुम्ही करा. सातही सीटा उभ्या असताना मध्यम आकाराच्या गाडीच्या डिकीत दीडशे ते अडीचशे लिटरच जागा उरते, म्हणजे दोन-तीन पिशव्या. लिटरचा आकडा ज्या पद्धतीने बहुधा काढतात तीत २०० × १०० × ५० मिलिमीटरचे, म्हणजे एकेक लिटरचे ठोकळे फटीफटीत रचून मोजतात. तुमची सूटकेस ठोकळ्यांची नाही, म्हणून ती आणि मुलीची ढकलगाडी सोबत न्या आणि डिकीचे दार लावून पाहा. दुसरे, गाडीच्या कागदपत्रांत कमाल एकूण वजन आणि रिकाम्या गाडीचे वजन दिलेले असते. त्यांतला फरक म्हणजे माणसे आणि सामान मिळून तुम्हाला नेता येणारा भार, आणि या वर्गात तो साधारण पाचशे-सहाशे किलो असतो. तुम्ही पाच जण, दोन बालसीटा, नणंद आणि तिचे यजमान मिळून पावणेचारशे ते चारशे किलो सहज होतात. त्यावर सगळ्यांचे सामान आले की काही गाड्यांची मर्यादा जवळ येते. टपावर ठेवल्याने हा भार कमी होत नाही, शिवाय टपाची स्वतःची मर्यादा साधारण ७५ ते १०० किलोच असते आणि कॅरिअरचे वजनही तीतच धरतात. चालकाच्या दारापाशी टायरच्या हवेची जी पट्टी असते, तिच्यावर पूर्ण भारासाठी वेगळा आकडा असतो; प्रवासाला निघताना तोच पाळावा. स्टेपनी आहे की नुसता पंक्चरचा डबा, हेही गाडी ठरवण्यापूर्वी बघून घ्या.

वापरलेल्या गाडीचा पर्याय मी दुसऱ्या क्रमांकावर ठेवतो, पण नव्या गाडीच्या खालच्या व्हेरिएंटमध्ये सुरक्षिततेची काटछाट केलेली असेल तर तोच पहिला होतो. अशी गाडी बघायला गेल्यावर प्रत्येक सीटचा पट्टा शेवटपर्यंत ओढून बाहेर काढा. शेवटच्या हातभर भागावर चिखलाचा डाग असेल तर गाडीत पाणी शिरलेले असू शकते. आणि पट्ट्याच्या मुळाशी शिवलेल्या चिठ्ठीवरची तारीख गाडीपेक्षा नवी असेल तर तो पट्टा बदललेला आहे, बहुधा अपघातानंतर. टायरवर चार आकडी संख्या असते: २३२१ म्हणजे २०२१ सालचा तेविसावा आठवडा. तीन वर्षांच्या गाडीला चार वेगवेगळ्या वयाचे टायर असतील तर का ते विचारा. स्टेपनीखालचा खळगा ओला आहे का, तिसऱ्या रांगेचे रूळ गंजले आहेत का ते बघा, आणि चावी फिरवल्यावर एअरबॅगचा दिवा पेटून विझतो याची खात्री करा. तो मुळीच पेटत नसेल तर काहीतरी लपवलेले आहे. सर्व्हिसिंगची नोंद, चासी क्रमांकावरून रिकॉलची (कंपनीने दोष दुरुस्तीसाठी गाडी परत बोलावली होती का याची) चौकशी आणि तुमच्या ओळखीच्या मेकॅनिककडून गाडी वर उचलून तपासणी, यांतले एकही टाळू नका. जुन्या गाडीच्या कर्जाला व्याज बहुधा जास्त पडते, तेव्हा तुलना किमतीची न करता पाच वर्षांच्या एकूण खर्चाची करा.

इंजिनाचे उत्तर सोपे आहे. आजच्या डिझेल गाडीच्या धुरातली काजळी एका गाळणीत साठते, आणि ती जळून जायला इंजिन तापून गाडी बराच वेळ एका लयीत चालावी लागते. सहा-सात किलोमीटरच्या शहरी फेऱ्यांत ते घडत नाही, गाळणी तुंबते आणि खर्च मागे लागतो. तुम्ही पेट्रोल घ्या. बजेटमध्ये हायब्रिड, म्हणजे इंजिनाच्या जोडीला विजेची मोटार असलेली गाडी, बसली तर थांबत-थांबत चालण्याच्या तुमच्या वापराला ती अधिक चांगली. फक्त टेस्ट ड्राइव्ह एकटीने न घेता सगळ्यांना बसवून घ्या, कारण छोट्या टर्बो इंजिनाचा दम भरल्या गाडीत चढावरच कळतो. फोर व्हील ड्राइव्ह तुम्हाला लागणार नाही. निसरड्या जागेतून निघायला तिचा उपयोग होतो, थांबायला होत नाही. ब्रेक लावल्यावर कामाला येतात ते टायर, आणि तो पैसा चांगल्या टायरांत घातलेला बरा.

बुकिंगच्या फोनला ‘घरच्यांना दाखवून कळवतो’ एवढेच उत्तर पुरेसे आहे.

राहता राहिला तुमचा शेवटचा प्रश्न, गाडी जमेल का हा. तुम्ही रोज गाडी चालवता, तेव्हा हात बसायला आठवडा-दोन आठवडे लागतील, त्याहून जास्त नाही. सीट वर घेऊन बॉनेटची कड दिसते का आणि पाय पूर्ण दाबून क्लच किंवा ब्रेक खाली जातो का ते बघा. टेस्ट ड्राइव्हची गाडी शोरूमभोवती न फिरवता थेट तुमच्या घरी न्या, नेहमीच्या जागी, शेजारची गाडी उभी असताना, स्वतः लावा. किती वेळा मागे-पुढे करावी लागते ते मोजा. मग मागचे दार उघडा, आणि उरलेल्या जागेत सासूबाईंना उतरता येते का आणि बालसीटवरून मुलीला उचलून बाहेर घेता येते का ते पाहा. दार तेवढे उघडत नसेल, तर त्यांना गेटपाशीच उतरवून गाडी आत घ्यायची सवय तुम्हाला लावून घ्यावी लागेल. पावसात, एकट्या असताना, एका हाताला तीन वर्षांची मुलगी धरून हे रोज जमेल का, ते तिथे उभ्या राहूनच ठरवा.